ताऱ्यांची नोंद आणि यंत्राची रात्रपाळी

मुसलमान विद्वानांनी खगोलशास्त्रात मोलाची भर घातली, हे वाक्य आपल्या संस्थांच्या समारंभांतून वर्षानुवर्षे ऐकू येते. वाक्य खरे आहे. त्याचा पुरावा प्रत्यक्ष आकाशातच लिहिलेला आहे. आपण ज्या ताऱ्याला रोहिणी म्हणतो, त्याचे जगभर रूढ असलेले नाव अल्डेबरान. ते अरबी 'अद्-दबरान' म्हणजे 'मागून येणारा' यावरून आले, कारण हा तारा कृत्तिकांच्या मागून उगवतो. अभिजितचे नाव व्हेगा. ते 'अन्-नस्र अल्-वाकी', म्हणजे खाली झेपावणारे गिधाड, या नावाचा उरलेला तुकडा होय. मृग नक्षत्रातील राजन्य हा रायजेल झाला तो 'रिज्ल' म्हणजे पाय या शब्दावरून.

परंतु ही नावे ज्यांनी ठेवली व जपली, त्यांनी रात्री नेमके काय केले, याविषयी समारंभांतून फारसे बोलले जात नाही. त्यांनी रात्र-रात्र जागून मोजमाप केले आणि ते लिहून ठेवले. त्यांचे मोठेपण त्या नोंदीत आहे. आकाशाची नोंद ठेवण्याचे हे काम डोळ्याकडून काचेकडे, काचेकडून विजेच्या चकतीकडे आणि शेवटी माणूस झोपला असताना आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याकडे कसे गेले, याचा इतिहास प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे. आज साध्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याला पाच-सहा ओळींचा हुकूम लिहून दिला, तर तो पहाटेपर्यंत आकाश टिपत राहतो. हे साधन आपल्या मुलामुलींच्या हातात येण्याजोगे आहे, म्हणून हा इतिहास पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

डोळा आणि वही

इ. स. ९०३ मध्ये रय येथे जन्मलेले अब्दुर्रहमान अस्-सूफी हे इस्फहानच्या दरबारात काम करीत. इ. स. ९६४ च्या सुमारास त्यांनी स्थिर ताऱ्यांच्या आकृतींवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. प्रत्येक तारकासमूहाची त्यांनी दोन चित्रे दिली : एक आकाशात दिसते तसे, दुसरे खगोलाच्या गोलावर बाहेरून दिसेल तसे. टॉलेमीच्या जुन्या यादीची केवळ नक्कल न करता त्यांनी ताऱ्यांचे तेज स्वतः पाहून पुन्हा नोंदविले. देवयानी नक्षत्रात त्यांनी एक 'लहानसा ढग' नोंदविला. हा ढग म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी तो दिसला तसा लिहून ठेवला. या ढगाची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

त्याच काळात बसऱ्यात जन्मलेले आणि पुढे कैरोत राहिलेले इब्न अल्-हैसम हे प्रकाशाचा विचार करीत होते. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र ठेवले असता समोरच्या भिंतीवर बाहेरील उजेडाची उलटी प्रतिमा उमटते. या साधनाने त्यांनी ग्रहणातील सूर्याची कोर तपासली, आणि छिद्र लहान-मोठे केल्याने प्रतिमा कशी बदलते याची चिकित्सा केली. लॅटिन भाषेत 'कॅमेरा' या शब्दाचा अर्थच खोली असा आहे. आजच्या कॅमेऱ्याची पेटी ही त्या अंधाऱ्या खोलीचीच लहान आवृत्ती होय. तिच्यात एका गोष्टीची उणीव होती : भिंतीवर पडलेली प्रतिमा टिकत नसे.

पुढे समरकंद येथे उलुग बेग यांनी सुमारे ४० मीटर त्रिज्येचे प्रचंड वेधयंत्र उभारले. इ. स. १४३७ च्या त्यांच्या 'झीज-ए-सुल्तानी'त १०१८ ताऱ्यांची स्थाने आहेत. एवढ्या ताऱ्यांसाठी किती माणसांनी किती रात्री जागून काढल्या असतील, याची कल्पनाच करावी. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अश्-शातिर हे 'मुवक्कित' होते. मुवक्कित म्हणजे नमाजाच्या वेळा आकाशावरून ठरविणारा गणिती. म्हणजे आकाश पाहणे ही हौस नव्हती, ती एक जबाबदारीची नोकरी होती आणि तिला वहीची जोड होती.

स्वतः चालणारे यंत्र

इतिहासाचा दुसरा धागा यंत्रांचा आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहंमद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ होते. त्यांना बनू मूसा म्हणतात. ते स्वतः खगोलाचे वेध घेत, आणि त्याचबरोबर चमत्कारिक वाटणारी यंत्रे रचीत. त्यांच्या नावावर असलेल्या एका लेखात 'स्वतः वाजणारे वाद्य' वर्णिले आहे. पाण्याच्या जोरावर एक नळकांडे फिरते, त्यावर खुंट्या बसविलेल्या असतात, आणि कोणती खुंटी केव्हा येते त्यावरून बासरीचे कोणते छिद्र उघडावयाचे ते ठरते. खुंट्यांची जागा बदलली की सूर बदलतात.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. यंत्र तेच राहते, पण त्याला द्यावयाचा हुकूम बदलता येतो. हुकूम आधी लिहून ठेवायचा आणि यंत्राने तो पुढे माणसावाचून पाळायचा, ही कल्पना या खुंट्यांच्या नळकांड्यात स्पष्ट दिसते. आजच्या संगणकाच्या भाषेत अशा हुकमाला 'प्रोग्रॅम' किंवा छोटा असेल तर 'स्क्रिप्ट' म्हणतात. इ. स. १२०६ मध्ये दियारबकरच्या दरबारातील अल्-जझरी यांनी आपला यंत्रग्रंथ पूर्ण केला. त्यातील राजवाड्याच्या आकाराच्या पाणघड्याळात ऋतूप्रमाणे दिवस लहान-मोठा होईल तशी तासांची लांबी बदलण्याची सोय होती.

अंधारी खोली आणि हुकूम पाळणारे यंत्र या दोन कल्पना एकत्र येण्यास मात्र कित्येक शतके जावी लागली. मधली कडी होती ती टिकणाऱ्या प्रतिमेची, आणि ती एकोणिसाव्या शतकात सापडली.

काचेवरचे आकाश

इ. स. १८४० मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचे छायाचित्र घेतले. १७ जुलै १८५० रोजी हार्वर्ड वेधशाळेत बाँड आणि व्हिपल यांनी प्रथमच सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचे चित्र टिपले. तो तारा होता व्हेगा, म्हणजे आपला अभिजित. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनची कोरडी प्लेट सुचविली, आणि पुढे ती सुधारल्यावर दीर्घ काळ प्रकाश साठविणे सुलभ झाले. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील तेजोमेघाचे चित्र घेतले, त्याला ५१ मिनिटे लागली.

ही ५१ मिनिटे महत्त्वाची आहेत. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे तारे सतत सरकतात. कॅमेरा स्थिर ठेवला तर बिंदूऐवजी रेघ उमटेल. यास्तव खाली जाणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळी यंत्र दुर्बिणीला जोडून तिला ताऱ्यांबरोबर फिरविले जाई. परंतु ते यंत्र अचूक नसे. म्हणून निरीक्षकाला शेजारच्या लहान दुर्बिणीला डोळा लावून, तारा तारेच्या फुलीवरून ढळू नये म्हणून हाताने चाक फिरवीत, कडाक्याच्या थंडीत तासन् तास बसावे लागे. प्रतिमा काच साठवी, पण जागे माणसालाच राहावे लागे.

१८८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केप वेधशाळेत डेव्हिड गिल यांनी एका मोठ्या धूमकेतूची चित्रे घेतली. धूमकेतूमागे असंख्य तारे उमटलेले पाहून त्यांच्या ध्यानात आले की ताऱ्यांची यादी आता कॅमेऱ्यानेच करता येईल. १८८७ मध्ये पॅरिस येथे ॲडमिरल मूशे यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि साऱ्या आकाशाचा नकाशा काचेच्या प्लेटांवर काढण्याचे ठरले. आकाशाचे पट्टे पाडून निरनिराळ्या देशांतील वेधशाळांना वाटून देण्यात आले. दुर्बिणी अशा बनवायच्या की प्लेटवरील १ मिलिमीटर म्हणजे आकाशातील एक कला. नकाशाच्या प्लेटांसाठी एकच जागा तीनदा टिपायची आणि दर वेळी दुर्बीण किंचित सरकवायची अशी युक्ती ठरली. त्यामुळे प्रत्येक ताऱ्याचा बारीक त्रिकोण उमटे. धुळीचा कण किंवा काचेचा डाग त्रिकोण करीत नाही. खरा तारा कोणता आणि दोष कोणता, हे त्यावरून कळे.

हैदराबादची वेधशाळा

या जागतिक कामात आपल्याशी थेट संबंध असलेला एक अध्याय आहे. हैदराबाद संस्थानातील एक सरदार नवाब जफर जंग यांना आकाशाचा छंद होता. त्यांनी १५ इंची ग्रब दुर्बीण मागविली आणि १९०१ च्या सुमारास आपल्या वेधशाळेस निजामिया हे नाव घेतले. तिच्यासाठी ८ इंची छायाचित्रण-दुर्बीणही आली. १९०७ मध्ये ते वारले. ही वेधशाळा सरकारने चालवावी अशी त्यांची इच्छा होती, त्याप्रमाणे १९०८ मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे ती बेगमपेठ येथे उभी राहिली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड येथील आपल्या आजोबा-पणजोबांच्या राज्यातील ही संस्था होय.

आकाशनकाशाच्या योजनेतील एक दक्षिणेकडील पट्टा चिलीतील सांतियागो वेधशाळेकडे दिलेला होता. तेथे तो पूर्ण होईना. तो उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा हैदराबादने पत्करला. पुढे अधिक ३६ ते अधिक ३९ अंशांचा आणखी एक पट्टाही येथेच झाला. १९१४ पासून संचालक पोकॉक यांनी आणि १९१८ नंतर टी. पी. भास्करन यांनी हे काम नेटाने चालविले. १९४४ मध्ये सूत्रे डॉ. अकबर अली यांच्याकडे आली. प्लेट घ्यायची, धुवायची, तिच्यावरील प्रत्येक ताऱ्याचे स्थान सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, आणि आकडे छापायचे. अशा रीतीने सुमारे ८ लाख ताऱ्यांच्या नोंदी बारा खंडांत प्रसिद्ध झाल्या.

या खंडांचा पुढे काय उपयोग झाला, हे विद्यार्थ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांची स्थाने अत्यंत अचूक मोजली. परंतु तारा आकाशात किती सरकतो हे कळण्यासाठी आजचे स्थान पुरत नाही, फार पूर्वीचेही लागते. ते त्या जुन्या प्लेटांच्या याद्यांत सापडले. २००० मध्ये 'टायको-२' ही सुमारे २५ लाख ताऱ्यांची यादी तयार झाली, तेव्हा निरनिराळ्या वेधशाळांच्या नोंदींबरोबर हैदराबादच्या नोंदीही त्यात कामी आल्या. बेगमपेठेतील निरीक्षक निघून गेले, त्यांची वही मात्र उपयोगी पडली.

दिवसा वाचलेली रात्र

काचेच्या प्लेटेमुळे आणखी एक गोष्ट घडली. आकाश पाहणारा आणि आकाश वाचणारा हे दोघे वेगळे असू शकतात, हे सिद्ध झाले. हार्वर्ड वेधशाळेत दुर्बिणीवरचे रात्रीचे काम बहुतांशी पुरुषांकडे होते. परंतु प्लेटा तपासण्याचे काम दिवसा, खोलीत बसून, स्त्रिया करीत. त्यांच्यापैकी हेन्रिएटा लेविट यांना ऐकू कमी येत असे. दक्षिण अमेरिकेतील पेरू येथे घेतलेल्या प्लेटांवर त्यांनी तेज बदलणारे तारे शोधले. १९१२ मध्ये त्यांनी २५ ताऱ्यांच्या आधारे दाखविले की विशिष्ट प्रकारच्या ताऱ्यांत तेज कमी-जास्त होण्याचा काळ जितका मोठा, तितका तो तारा मुळात अधिक तेजस्वी. या नियमाने विश्वातील अंतरे मोजण्याची फूटपट्टी मिळाली.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने देवयानीतील तेजोमेघाची प्लेट घेतली. तिच्यावर त्यांना याच प्रकारचा तारा सापडला. लेविट यांच्या नियमाने अंतर काढले, तेव्हा तो मेघ आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे निघाला. आजच्या मोजणीप्रमाणे तो सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असून अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र दीर्घिका आहे. अस्-सूफी यांनी प्रामाणिकपणे नोंदविलेला 'लहानसा ढग' तो हाच. नोंद झाली दहाव्या शतकात आणि उलगडा विसाव्यात. मधल्या काळात नोंद वाट पाहत राहिली.

काचेऐवजी चकती

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉईल आणि स्मिथ यांनी सीसीडी नावाची सिलिकॉनची चकती शोधली. प्रकाश पडला की तिच्या बारीक घरांत विद्युत्भार साठतो आणि तो आकड्यांत वाचता येतो. या शोधाबद्दल २००९ चे नोबेल पारितोषिक दिले गेले. छायाचित्राच्या काचेवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी दोन-तीनच कामी येत. चकती त्यांतील बहुसंख्य टिपते. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनविला. त्यात १०,००० बिंदूंचे चित्र होते आणि ते कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. १९७६ मध्ये अ‍ॅरिझोनातील दुर्बिणीवर सीसीडी बसवून युरेनसचे चित्र घेण्यात आले.

चित्र आकड्यांत आले, त्यामुळे संगणक त्यावर थेट काम करू लागला. दुर्बीण वळविणे, शटर उघडणे, ढग आले तर घुमट बंद करणे, ही सारी कामे हळूहळू लेखी हुकमाने होऊ लागली. लडाखमधील हानले येथे २०१८ मध्ये सुरू झालेली ७० सेंटीमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण अशी पूर्ण स्वयंचलित आहे. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आय.आय.टी. यांचा हा संयुक्त उपक्रम आहे. २०२५ मध्ये चिलीतील रुबिन वेधशाळेने ३२०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची पहिली चित्रे जाहीर केली.

पाच ओळींचा हुकूम

मोठ्या वेधशाळांचे हे वैभव सामान्य विद्यार्थ्यास कसे लाभावे? याचे उत्तर काही हौशी प्रोग्रामरांनी २००६-०७ च्या सुमारास दिले. कॅनन कंपनीच्या लहान पॉवरशॉट कॅमेऱ्यांसाठी त्यांनी 'सी.एच.डी.के.' नावाची आज्ञावली तयार करून सर्वांना फुकट दिली. ती कॅमेऱ्यात कायमची बसत नाही. मेमरी कार्डावर राहते आणि कार्डाची लहानशी खिट्टी 'लॉक' बाजूस सरकविली की कॅमेरा सुरू होताना ती वाचली जाते. कार्ड काढले की कॅमेरा पूर्ववत. पुढे मोठ्या कॅननसाठी 'मॅजिक लँटर्न' आले, आणि लिनक्स संगणकावरून अनेक कंपन्यांचे कॅमेरे चालविणारे 'जीफोटो' हेही विनामूल्य आहे.

या आज्ञावलीने दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे कॅमेऱ्याच्या मर्यादा सैल होतात. अनेक लहान कॅमेऱ्यांत शटर जास्तीत जास्त १५ सेकंद उघडे राहते; येथे ते अधिक काळ ठेवता येते, आणि चित्र दाबून लहान न करता मूळ आकड्यांत साठविता येते. दुसरी गोष्ट म्हणजे स्क्रिप्ट. बेसिक या सोप्या संगणकभाषेच्या धर्तीवर ती लिहितात. तिचा आशय असा : 'एकपासून दोनशे चाळीसपर्यंत मोज, प्रत्येक आकड्याला शटर उघड, मग एवढा वेळ थांब, पुन्हा पुढचा आकडा घे, संपल्यावर थांब.' मूळ स्क्रिप्टमध्ये यासाठी 'फॉर', 'शूट', 'स्लीप', 'नेक्स्ट' आणि 'एंड' एवढेच शब्द पुरतात. थांबण्याचा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत लिहावयाचा असतो, म्हणजे दोन सेकंदांसाठी २०००. बनू मूसांच्या नळकांड्यावरील खुंट्यांचेच हे काम आहे. खुंट्यांच्या जागी अक्षरे आली, इतकेच.

लहान-लहान चित्रे घेण्यामागेही जुनीच युक्ती आहे. एका तासाचे एकच चित्र घेतले आणि मध्ये विमान गेले, तर सारे चित्र बिघडते. १५ सेकंदांची २४० चित्रे घेतली तर विमान एक-दोन चित्रांतच येते, ती बाजूला टाकता येतात. उरलेली संगणकावर एकावर एक ठेवली की ताऱ्यांचे १५ अंशांचे कंस मिळतात. पॅरिस योजनेतील तीन ठिपक्यांच्या त्रिकोणामागे हाच विचार होता.

एक बारकावा सांगणे जरूर आहे. दीर्घ एक्स्पोजरनंतर पुष्कळ कॅमेरे शटर बंद ठेवून तितकाच वेळ आणखी एक काळे चित्र घेतात आणि चकतीचे दोष वजा करतात. हेतू चांगला आहे; पण त्यामुळे अर्धी रात्र वाया जाते आणि ताऱ्यांच्या रेघा तुटक येतात. स्क्रिप्टमध्ये ही सोय बंद करण्याची आज्ञा आहे. मग शेवटी झाकण लावून चार-पाच काळी चित्रे एकदाच घ्यावीत आणि तीच सर्व चित्रांतून वजा करावीत.

आपल्या गच्चीवर

आता पालकांशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आपल्याकडे मुलीने रात्री उशिरापर्यंत बाहेर थांबणे घरोघरी मान्य होत नाही. ज्या मुलाला पहाटे दुकान उघडायचे किंवा कारखान्यात जायचे असते, त्यालाही जागरण परवडत नाही. त्यामुळे आकाशाचा अभ्यास आपल्या मुलांसाठी नाही, असे आपण न बोलताच ठरवून टाकतो. स्वयंचलित कॅमेऱ्याने ही सबब आता उरलेली नाही. मगरिबनंतर गच्चीवर तिपाई लावावी, फोकस अनंतावर ठेवावा, स्क्रिप्ट सुरू करावी आणि खाली येऊन झोपावे. सकाळी चित्रे वाचावयाची. हेन्रिएटा लेविट यांनी रात्र अशीच दिवसा वाचली होती.

कामेही साधी आणि खरी आहेत. ध्रुवताऱ्याकडे कॅमेरा लावून ताऱ्यांचे कंस घ्यावेत. ज्या बिंदूभोवती ते फिरतात त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच आपल्या गावाचे अक्षांश. रत्नागिरीस सुमारे १७ अंश, मुंबईस १९, मालेगावास साडेवीस. अस्तुर्लाब हाती घेणारा प्रवासी हेच मोजीत असे.

दुसरे काम ययाती नक्षत्रातील अल्गोल ताऱ्याचे. अरबीत 'रास अल्-गूल', म्हणजे गूल नावाच्या भुताचे डोके. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी हा तारा मंद होतो, प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते आणि पुन्हा पूर्ववत होते. सुमारे दहा तासांचा हा सारा खेळ असतो. त्याचा काळ इंग्लंडमधील जॉन गुडरिक या मूकबधिर मुलाने १७८२-८३ मध्ये काढला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. नोव्हेंबर ते जानेवारीत हा तारा संध्याकाळपासून दिसतो. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून दर चित्रात त्याचे तेज लिहिले, तर शाळकरी मुलगीसुद्धा तो आलेख काढू शकेल.

तिसरे काम नव्या चंद्राचे. रमजान आणि ईदच्या चंद्रदर्शनाचा निर्णय हा उलेमांचा प्रांत आहे. त्यात कॅमेऱ्याने लुडबुड करण्याचे कारण नाही. परंतु दर महिन्याच्या २९ व्या संध्याकाळी, सूर्य पूर्ण मावळल्यानंतर, पश्चिमेचे आकाश टिपून तारीख, वेळ, ढग आणि कोर दिसली की नाही एवढे लिहून ठेवण्यास कोणाची हरकत असावी? अशी दहा वर्षांची वही एखाद्या शाळेपाशी असेल, तर ती त्या गावाची ठेव होईल. सूर्य मावळण्यापूर्वी मात्र कॅमेरा किंवा डोळा त्याच्याकडे कदापि रोखू नये.

खर्चाची भीतीही फार नको. असे जुने पॉवरशॉट कॅमेरे अनेक घरांत मोबाईल आल्यापासून कपाटात पडून आहेत. आपल्या कॅमेऱ्याचे मॉडेल सी.एच.डी.के.त चालते की नाही हे आधी तपासावे. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावावे, कारण वेळ चुकली तर चित्र शोभेचे ठरते, पुराव्याचे नाही. पडदा बंद ठेवला की बॅटरी जास्त टिकते. कोकणात दवाने भिंग धुरकटते, म्हणून दर तासाला कोरड्या कापडाने पुसणारा कोणी नसेल तर भिंगाभोवती पुठ्ठ्याची नळी बसवावी. शहरातील दिव्यांच्या उजेडात एक्स्पोजर लहान ठेवावे. मराठवाड्यातील लहान गावात मोठे चालेल, आणि तेथे हिवाळ्याच्या स्वच्छ रात्री देवयानीतील तो ढगही चित्रात येईल.

यंत्र आले की माणूस आळशी होतो, अशी शंका वडीलधारे काढतील. इतिहास तसे सांगत नाही. घड्याळी यंत्राने निरीक्षकाचे हात मोकळे केले, काचेने त्याचा डोळा मोकळा केला, स्क्रिप्टने त्याची झोप परत दिली. दर वेळी उरलेला वेळ मोजण्यात आणि विचारात गेला, तेथे ज्ञान वाढले. जेथे तो केवळ सुंदर चित्रे दाखविण्यात गेला, तेथे चित्रेच उरली. यंत्र रात्रपाळी करील; चित्रांवरून आकडे काढणे, ते तपासणे आणि वहीत उतरविणे हे काम मात्र विद्यार्थ्याचेच राहील.

अस्-सूफी यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांचा वारसा सांगण्याचा हक्क ज्यांना हवा असेल, त्यांनी त्यांच्यासारखी एक तरी वही ठेवली पाहिजे. आपल्या प्रत्येक शाळेत विज्ञानाच्या कपाटात अशी एक वही असावी. पहिल्या पानावर गावाचे नाव, अक्षांश आणि आरंभाची तारीख असावी, आणि दर वर्षी शाळा सोडून जाणाऱ्या मुलांनी ती पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. वहीत लिहिलेल्या कोणत्या रात्रीचा उपयोग कोणाला केव्हा होईल, हे आज सांगता येणार नाही. बेगमपेठेत प्लेटा मोजणाऱ्यांनाही ते सांगता आले नसते.